वीतभर नळी

वस्तादांकडं नवीन पोऱ्या कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला पाना हातात मिळायचा नाही. गॅरेजच्या मागं विहिरीवरचं एक जुनं पाच हॉर्सचं डिझेल इंजिन ठेवलेलं होतं. वस्ताद ते हँडल मारून सुरू करायचे आणि पोऱ्याला सांगायचे, "हात धर हितं." हितं म्हणजे इंजिनाच्या पोटावर, जिथं पत्र्याची वाटीएवढी डबी असते आणि तिच्यातून फक् फक् अशी हवा येत असते. मीही धरला. तळहाताला गरम, तेलकट फुंकर लागली. लहान लेकराला पोटावर झोपवल्यावर त्याचा श्वास जसा हाताला लागतो तशी. "काय लागतंय?" "हवा." "मग झालं. इंजिनाला नाक हाय हे ध्यानात ठिव. बाकीचं शिकशील."

त्याला ब्रीदर म्हणतात हे मला नंतर कळलं. इंजिनात डिझेल पेटतं तेव्हा सगळा जोर पिस्टनला खाली ढकलण्यात जातो असं आपल्याला वाटतं. पण पिस्टनच्या रिंगा म्हणजे काही कुलूप नव्हे. थोडा धूर, थोडी हवा रिंगांच्या कडेनं निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतेच. इंजिन नवं असेल तर कमी, झिजलेलं असेल तर जास्त. आमच्याकडं म्हणतात, इंजिन बॅक मारतंय. ही खाली उतरलेली हवा बाहेर जायला वाट लागते. वाट असली तर काहीच होत नाही, आणि म्हणून कुणाचं तिकडं लक्षही जात नाही. वाट बुजली की ती हवा दुसरी वाट शोधते. क्रँकच्या टोकाला जिथं ऑइल सील असतं, रबराची एक पातळशी ओठासारखी कड, ती तिला सगळ्यात सोपी. मग सीलमधून तेल यायला लागतं. न जाणणारा मिस्त्री सील बदलतो. आठ दिवसांनी पुन्हा तेल. पुन्हा सील. गिऱ्हाईक म्हणतं, माल डुप्लिकेट आहे. खरा दोष दोन हात लांब, वर, कुठल्या तरी चिखलानं भरलेल्या नाहीतर दुमडलेल्या नळीत असतो.

ही सगळी माहिती मला होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी जे सांगणार आहे त्यात 'पोरगं होतं, त्याला काय कळतंय' असं कुणी म्हणायला जागा राहू नये. तेव्हाही बऱ्याच जणांनी तसंच म्हटलं असतं, आणि मला ते आवडलंही असतं.

गॅरेज तेलगावजवळ, रस्त्याकडेला. पुढं धारूरचा घाट लागतो. बीड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर निम्मा जिल्हा बालाघाटाच्या डोंगरावर आणि निम्मा खाली गोदावरीच्या बाजूला आहे. खालून वर जायचं तर कुठंतरी घाट चढावाच लागतो. माजलगावच्या बाजूच्या ज्या टोळ्या सोलापूर जिल्ह्यात ऊस तोडायला जायच्या, त्यांचा रस्ता आमच्या दारावरून. धारूर, केज, कळंब, मग बार्शी. दसरा झाला की आमच्याकडं गावं उठायला लागतात. घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात, कधी तीही राहत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती पावसाळ्यात दवाखान्यात, बियाण्यात, लग्नात संपलेली असते, आणि मग पाच-सहा महिने ती फेडायला तोडत राहायचं. एखादा दिवस कामावर गेलं नाही की त्याला खाडा म्हणायचं आणि खाड्याचे पैसे कापायचे. आजारी पडलं तरी खाडाच. या हिशेबात माणसाची मोजणी कोयत्यानं होते हे शहरातल्या वाचकाला विचित्र वाटेल. आम्हाला त्यात विचित्र वाटायचं नाही, माझी थोरली बहीण आणि दाजी मिळून एक कोयता होते.

तर दसऱ्याच्या अगोदरचे पंधरा दिवस गॅरेजवर मरणाची गर्दी. १९९५ साल. मी सतरा वर्षांचा, दहावी एकदा हुकलेली, वस्तादांकडं येऊन दोन वर्षं झालेली. मला आता हेड सोडवता येत होतं, नोझल काढता येत होतं, आणि गिऱ्हाइकं मला 'छोटे मिस्त्री' म्हणायला लागली होती. त्या शब्दानं डोकं किती फिरतं ते ज्याला म्हटलं जातं त्यालाच कळतं.

बप्पांचा ट्रॅक्टर त्याच गर्दीत आला. बप्पा आमच्या आईच्या माहेरकडचे. वाहनही त्यांचं आणि टोळीही त्यांनीच उचल देऊन बांधलेली. काम साधं होतं, टॅपेट सेट करायचे, तेल बदलायचं, ब्रेक बघायचे. टॅपेट कव्हर काढताना माझ्या हातून ब्रीदरचा होज फाटला. म्हणजे फाटलेलाच होता, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्याची भाकरी झालेली, मी ओढला आणि तो दोन तुकड्यांत हातात आला. टॅपेट कव्हरच्या वरच्या तोंडातून निघून एक वळण घेऊन खाली जाणाऱ्या लोखंडी नळीला जोडणारा, वीतभर लांबीचा काळा रबरी होज. वस्ताद बीडला पार्ट आणायला निघालेले. मी दाखवला. ते म्हणाले, "यादीत लिवतो. तवर तोंड उघडंच राहू दे, वरून जाळीचं फडकं बांध. दुसरं काही घालू नकोस."

दुसरं काही घालू नकोस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण कव्हर बसवून इंजिन सुरू केलं तर उघड्या तोंडातून तेलाचा धूर भकाभका बाहेर. बप्पा पाठीमागं उभे. "आरं हे काय धुरायलंय? इंजिन गेलं का काय?" मी समजावून सांगू शकलो असतो. पण छोटे मिस्त्री समजावून सांगत नसतात, करून दाखवतात. बाजूला मोटर धुवायचा हिरवा प्लास्टिकचा पाइप पडला होता. मी ब्लेडनं वीतभर कापला, दोन्ही तोंडांना तापवून चढवला, तारेनं आवळला. धूर खाली गेला, दिसेनासा झाला. बप्पा खूश. पाच रुपये चहाला दिले.

पाण्याचा पाइप पाण्यासाठी असतो. तेलाच्या वाफेत आणि इंजिनाच्या आंगावर तो मऊ पडतो, वळणावर चपटा होतो, आणि गार झाल्यावर त्याच चपट्या आकारात कडक होतो. ब्रीदरच्या होजला तेलात न फुगणारं रबर लागतं, भिंत जाड लागते, आणि वळण असं ठेवावं लागतं की मधे खोलगट जागा राहून पाणी साचणार नाही. हे मला तेव्हा सगळंच माहीत होतं असं नाही. पण 'दुसरं काही घालू नकोस' एवढं माहीत होतं.

वस्ताद रात्री उशिरा आले. दुकानं बंद झालेली, अर्धी यादी राहून गेलेली. दमलेले होते. पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "बप्पाच्या होजचं काय केलंस?" मी म्हणालो, "बसवला."

या एका शब्दावर मी पुढं आयुष्यभर विचार केला आहे. तो खोटा नव्हता, होज बसवलाच होता. त्यांना वाटलं, जुना कुठला तरी भंगारातला खरा होज शोधून बसवला. त्यांना तसं वाटावं म्हणूनच मी तेवढा एकच शब्द बोललो. गावात कीर्तनाला बसलो की खरं बोलण्यावर पुष्कळ ऐकायला मिळतं, पण खरा शब्द वापरून केलेल्या खोट्याचा हिशेब कुठं मांडायचा ते काही मला कुणी सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बप्पांचा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन दारात आला. ट्रॉलीचा पट्टा आवळून घ्यायला. जाता जाता म्हणाला, "खाली तेल पडायलंय बघ जरा." मी वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे जे घर असतं त्याच्या पोटाला एक भोक असतं, त्यात एक पिन लोंबत असते. त्या पिनेच्या टोकाला तेलाचा थेंब. पडला, दुसरा तयार झाला. वस्ताद आत दुसऱ्या ट्रॅक्टरखाली झोपलेले. मला हाक मारता आली असती. इंजिन चालूच होतं. तळहात ब्रीदरच्या खालच्या तोंडाशी नेला असता तर फुंकर येते का नाही ते दोन सेकंदात कळलं असतं, पहिल्या दिवशी शिकवलेलं काम. मी हात नेला नाही.

का नाही नेला? त्या वेळी मला वाटलं, घाई होती. नंतर वाटत राहिलं, घाई नव्हती, भीती होती. फुंकर लागली नसती तर मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि त्याअगोदर वस्तादांना सांगावं लागलं असतं. तळहात न नेल्यामुळं मला काहीच कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून मी मोकळा राहिलो. न कळण्याचेही प्रकार आहेत. एक म्हणजे अडाण्याचं न कळणं, त्याला कुणी दोष देऊ नये. दुसरं हे माझं, डोळे उघडे ठेवून मान दुसरीकडं वळवलेलं. कायद्यात याला काय शिक्षा आहे ते वकिलांना ठाऊक. पण मला वाटतं जगातलं बरंचसं नुकसान या दुसऱ्या प्रकारातून होतं, कारण त्यात माणसाला आपण काही केलं असं वाटतच नाही.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "सील घामतंय जरा. चालतंय. पट्टा पडल्यावर आलास की बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी निघाली. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. पुढच्यात ज्वारीची पोती, सरपण, पाचटाची खोपी बांधायला बांबू आणि ताडपत्र्या. मागच्यात माणसं, लेकरं, दोन शेळ्या, कोंबड्या. दारावरून गेली तेव्हा मी दात घासत होतो. कुणीतरी हात केला, मीही केला.

साडेआठच्या सुमाराला काळीपिवळी जीपवाला निरोप घेऊन आला. घाटात ट्रॅक्टर मागं आलाय.

घाटात जाईपर्यंत वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. ट्रॅक्टर वळणावर तिरका उभा होता, चाकांमागं दगडांची रास. मागची ट्रॉली डोंगराच्या बाजूला नालीत एका चाकानं उतरून कलंडलेली. डोंगराच्या बाजूला, हे नशीब. दुसऱ्या बाजूला दरी होती. चढावर क्लच घसरायला लागला, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण दोन भरलेल्या ट्रॉल्यांच्या वजनापुढं ट्रॅक्टरचे ब्रेक किती पुरणार. ट्रॅक्टर मागं सरकायला लागल्यावर गड्यांनी उड्या टाकून दगड लावले. बायकांनीही उड्या टाकल्या. एकीनं कडेवरचं लेकरू धरून टाकली. लेकराला खरचटलंही नाही, ती उजव्या हातावर पडली.

वस्तादांनी खाली वाकून भोकातली पिन पाहिली. तेलाची धार लागली होती. क्लचप्लेट तेलात भिजली की ती धरत नाही, सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं. मग ते उठले, बॉनेट उघडलं आणि थेट वर हात घातला. त्यांचा हात त्या हिरव्या तुकड्यावर थांबला. त्यांनी तार सोडवली, तुकडा ओढून काढला. वळणावर तो पापडासारखा चपटा झाला होता, एक काडीही गेली नसती. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, आणि तुकडा खिशात घातला. भोवती वीस-पंचवीस माणसं उभी. बप्पांनी विचारलं, "काय झालं वस्ताद?"

"सील गेलं."

तेही खरंच होतं.

ट्रॅक्टर ओढून खाली आणला. सील बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात. दोन दिवस गेले. टोळी रस्त्याकडेच्या लिंबाखाली राहिली, तिथंच चुली मांडल्या. वस्तादांनी मजुरी घेतली नाही. सील आणि क्लचप्लेटचे पैसे मात्र घेतले, कारण ते पैसे त्यांच्याजवळ नव्हते. मला ते बोलले नाहीत, मारलंही नाही. तो हिरवा तुकडा त्यांनी दुकानाच्या खांबाला खिळा मारून लटकवला. कुणी विचारलं तर म्हणायचे, आठवण हाय. मी पुढं तीन वर्षं त्या खांबासमोर काम केलं.

त्यांनी माझ्यासाठी खोटं बोललं की गॅरेजसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बप्पांनी चारचौघांत माझं नाव ऐकलं असतं तर मला आमच्या भागात कुणी पाना धरू दिला नसता. वस्तादांनी एका पोराचा धंदा वाचवला, असं म्हणता येतं. मी कितीतरी वर्षं तसंच म्हणत आलो, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात माया होती, अजून आहे. त्या मायेमुळं त्या गोष्टीची दुसरी बाजू बघायला मला फार उशीर झाला.

पुढं मी पुण्याला गेलो. फिरत फिरत एका गॅरेजमध्ये लागलो, तिथं जुन्या विलायती गाड्या यायच्या. २००८च्या आसपास तिथं एक पोर्शे ९११ आली, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची. मी तोवर तसलं इंजिन आतून पाहिलं नव्हतं. आपल्या ट्रॅक्टरचं तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्येच असतं. या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत, मागच्या चाकाजवळ. एक पंप टाकीतून तेल इंजिनात ढकलतो, दुसरा खाली जमलेलं तेल खेचून पुन्हा टाकीत पाठवतो. कारण उघड आहे. वेगात वळण घेताना चेंबरमधलं तेल एका बाजूला उसळलं तर बेअरिंगा कोरड्या पडतील. पण खेचणारा पंप तेलाबरोबर हवाही खेचतो, बॅक मारलेला धूरही खेचतो, आणि ते सगळं टाकीत जातं. म्हणून त्या टाकीलाही नाक लागतं. टाकीच्या वरून एक होज निघून इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडलेला असतो, म्हणजे तेलाची वाफ बाहेर न जाता पुन्हा जळून जाते. त्या गाडीचा तो होज तडकला होता. तडीतून फालतू हवा आत जायची आणि गाडी उभ्या जागी चढ-उतार करायची. मी टाकीचं झाकण उघडलं की आवाज आणखी पडायचा. श्वास दोन्हीकडं एकच.

होज परदेशातून मागवायचा होता, तीन आठवडे लागणार होते. मालक मोठे सज्जन. म्हणाले, "अहो मिस्त्री, लोकल होज बसवून टाका ना. मी रविवारी सकाळी लवासापर्यंत जातो नि येतो, एवढंच." मी नाही म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हणालो. त्यांना वाटलं, मिस्त्री फार तत्त्वाचा माणूस आहे. त्यांनी मित्रांना तसं सांगितलंही. मला काय सांगता येणार?

होज आला. तो बसवायची जागा इतकी अडचणीची की हात जाईना, इंजिन मागून जरा खाली घ्यावं लागलं. होज गरम पाण्यात धरून मऊ केला, तोंडाला बोटभर तेल लावलं, पीळ पडू न देता चढवला, क्लिप कडेला न लावता मागं घेऊन आवळली, रबर कापलं जाणार नाही इतपतच. अर्धा दिवस गेला. काम झाल्यावर मी बाहेर येऊन बसलो आणि मला स्वतःचाच राग आला. या गाडीचा होज चपटा झाला असता तर काय झालं असतं? एका माणसाचा एक रविवार गेला असता. त्यासाठी तीन आठवडे थांबणं, गरम पाणी, अर्धा दिवस. आणि चाळीस माणसं ज्या ट्रॅक्टरमागं बसणार होती त्याला धुण्याच्या पाइपाचा तुकडा आणि तार.

काळजी पैशाच्या मागं जाते, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. ते खरंही आहे. ज्याच्याकडं पैसा आहे त्याच्याकडं थांबायला वेळही असतो, आणि ज्याला उद्या निघायचंय त्याला जे बसेल ते बसवून घ्यावं लागतं. पण माझ्यापुरतं ते उत्तर पुरं नव्हतं. वस्तादांनी त्याच टोळीच्या ट्रॅक्टरला, त्याच घाईत, 'उघडं राहू दे' असंच सांगितलं होतं. त्याला काहीच पैसे पडणार नव्हते, फडकं फुकट होतं. फक्त धूर दिसला असता, आणि धूर दिसताना मला तिथं उभं राहावं लागलं असतं.

२०१२ साली वस्ताद वारले. तेराव्याला गेलो तेव्हा खांबावर तुकडा नव्हता. दुकान भाच्यांनी घेतलं होतं, रंग दिला होता. बप्पा त्याअगोदरच गेले होते. म्हणजे ज्यांना सांगायचं ते दोघेही संपले, एक जण सगळं जाणून आणि एक जण काहीच न जाणता. राहिली ती हातावर पडलेली बाई.

तिचा पत्ता शोधणं अवघड नव्हतं, आईच्या माहेराजवळचंच गाव. मी तिला मामी म्हणावं असं नातं निघालं, आमच्याकडं निघतंच. ओसरीत बसली होती, डाळ निवडत. उजवं मनगट वाकडं. त्या वेळी हाड बसवणाऱ्याकडून बांधून घेतलं होतं, कारण टोळी निघायची होती. मी इकडचं तिकडचं बोललो. मग ती आपणच घाटाचं बोलायला लागली. "माझ्या नशिबातच हुतं, बाबा. मागल्या जन्मी कुणाचं तरी मनगट मोडलं आसंल." सतरा वर्षं ती मागच्या जन्मात शोधत होती, आणि ते दुकानाच्या खांबाला लटकलेलं होतं.

मी सांगितलं. सगळं, हिरवा पाइप, तार, 'बसवला', तेलाचा थेंब, 'चालतंय'. ती डाळ निवडत ऐकत होती. मधेच विचारलं, "केवढी नळी?" मी हातानं दाखवली. "एवढीच?" "एवढीच."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. खिशात थोडे पैसेही नेले होते.

ती म्हणाली, "मग हे तवाच बप्पाला सांगायचं हुतं की. बप्पा वाईट माणूस नव्हता. गॅरेजवाल्याची चूक हाय म्हटल्यावर त्यानं माझे खाडे धरले नसते. सगळा पट्टा माझा अर्धा कोयता धरला. त्यांच्या एकट्याच्या तोडीत उचल फिटली न्हाई, म्हणून दुसऱ्या साली पुन्हा जावं लागलं, हात तसाच धरून. आमचं ठरलं हुतं, त्या साली लेकराला घेऊन घरी राह्यचं."

मी याचा विचार कधीच केला नव्हता. इतकी वर्षं मी माझ्या चुकीचं वजन करत होतो, तिचा वाटा केवढा, ड्रायव्हरचा केवढा, जुन्या सीलचा केवढा. खोटं न बोलता खोटं कसं बोललो, न कळण्याचे प्रकार किती, हे सगळं. तिनं फक्त तारीख विचारली होती. त्या दिवशी, लिंबाखाली टोळी बसलेली असताना, त्या तुकड्याची काहीतरी किंमत होती आणि ती तिच्या हिशेबात जमा झाली असती. वस्तादांनी तो खिशात घातला तेव्हा माझी बेअब्रू वाचली, ती तिच्या खाड्यांतून भरली गेली. आणि मी तो आता आणून दिला, जेव्हा त्याचं तिला काही करता येत नव्हतं. पैसे खिशातून काढायला हात गेला नाही. काढले असते तर किती काढायचे, कशाचे म्हणून द्यायचे?

"चहा घेतोस का?" ती उठली. दारात नातवाची मोटरसायकल उभी होती, खाली मातीत तेलाचा काळा डाग.

"आलाच हायेस तर ती बघ जरा. चार दिस झालं गळायलीय. पोरगं म्हणतं, चालतंय."

मी उकिडवा बसलो. सवयीनं पहिल्यांदा ब्रीदरची नळी चाचपली. ती ठीक होती. तेल सोडायचा खालचा नट ढिला होता आणि त्याचं वॉशर गेलं होतं. पाना मागितला तर घरात पाना नव्हता. शेजारच्या घरून आणायला तिनं पोराला पिटाळलं.